गायरान कोणाचे?

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातील प्रमुख मागणी. म्हणून आज कोणी 'गायरान मोकळे ठेवा' म्हटले की आपल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. ते साहजिकच आहे.

याचे एक उत्तर आपल्याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, हिवरे बाजारला सापडते. १९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव खचले. डोंगर बोडके झाले, माणसे मजुरीला बाहेर पडली. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. १९९३ पासून सामाजिक वनीकरण खात्याच्या साथीने सुमारे ७० हेक्टर उजाड गाव-जंगल पुन्हा उभे राहू लागले. योजना सरकारची, श्रमदान लोकांचे. समपातळी चर खणले, झाडे लावली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली. नुसती बंदीच असती, तर ज्याला शेत नाही त्याचीच शेळी आधी उपाशी राहिली असती. पण गवत कापून न्यायला मुभा ठेवली. त्यामुळे जमीन राखली गेली आणि सर्वांची राहिली.

सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली गावजमिनीवरील अतिक्रमणे काढायला सांगताना, भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशाने मिळालेले पट्टे अपवाद धरले. तेव्हा बंधू-भगिनींनो, पट्ट्याचा कागद जपून ठेवा आणि ग्रामसभा चुकवू नका. मोकळी जमीन कोणासाठी मोकळी, हे तिथेच ठरते.