गणिताच्या तासाला जन्मलेला तारा

डिसेंबर लागला की वसईपासून मडगावपर्यंत घराघरांवर कागदी तारे लटकू लागतात. गोव्यात त्यांना ‘नखेत्र’ म्हणतात. कामट्या, कागद, खळ आणि आत दिवा. दिवाळीचा आकाशकंदील ज्यांनी घरी केलाय, त्यांना हे साहित्य ओळखीचंच वाटेल. जर्मनीतही नाताळचा असा एक कागदी तारा आहे. तो मात्र गणिताच्या तासाला जन्मला, आणि तोही घरापासून लांब राहणाऱ्या मुलांमध्ये.

जर्मनीच्या पूर्व टोकाला हेर्नहुट नावाचं छोटं गाव आहे. धार्मिक छळामुळे मोरावियातून पळालेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांनी ते 1722 मध्ये वसवलं. काउंट झिन्झेनडॉर्फनं त्यांना आपल्या जमिनीवर आसरा दिला. स्वतः निर्वासित असलेली ही माणसं दहाच वर्षांत धर्मप्रसारासाठी जगभर निघाली. 1732 मध्ये कॅरिबियन बेटं, पुढच्या वर्षी ग्रीनलंड. एकोणिसाव्या शतकात ती आपल्या हिमालयातही पोचली: 1850 च्या दशकात लाहौलमधल्या केलाँगला आणि 1885 मध्ये लेहला.

मग त्यांच्या मुलांचं काय? ती शाळेच्या वयाची झाली की जहाजात बसवून युरोपातल्या बोर्डिंगमध्ये पाठवायची, अशी रीत होती. आईवडील पुन्हा भेटायला कित्येक वर्षं जात. काहींची भेट झालीच नाही.

अशा बोर्डिंगमधला नाताळ कसा असेल, याची कल्पना करून पाहा. हेर्नहुटजवळच्या नीस्की गावात याच पंथाची मुलग्यांची शाळा होती. तिथे 1830 च्या दशकात भूमितीचा अभ्यास म्हणून मुलांकडून कागदी तारा करून घेतला जाऊ लागला. या ताऱ्याचा आज रूढ असलेला आकार मोठा हुशारीचा आहे. मधोमध 26 बाजूंची घनाकृती: 18 चौरस आणि 8 त्रिकोण. वरचा एक चौरस दिव्यासाठी मोकळा सोडायचा आणि उरलेल्या प्रत्येक बाजूवर एक कागदी सुळका बसवायचा. म्हणून सुळके 25.

शाळेतला तारा हळूहळू घरांत आला. नाताळआधीच्या चौथ्या रविवारी सगळ्यांनी मिळून तो जोडायचा, अशी प्रथा पडली. याच शाळेचा माजी विद्यार्थी पीटर व्हरबेक 1880 च्या सुमारास आपल्या पुस्तकांच्या दुकानात तारे आणि ते बनवण्याची कृती विकू लागला. पुढे हेर्नहुटला ताऱ्यांचा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी गावाची आणि कारखान्याची मोठी हानी झाली, तरी तारे बनणं पुन्हा सुरू झालं. आजही तिथला तारा सुट्या सुळक्यांच्या रूपात मिळतो. जोडायचं काम घरच्यांचं.

घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल, तर याचा सोपा अवतार करून बघा. पुठ्ठ्याचा छोटा चौकोनी खोका घ्या. कागदावर एका टोकाला जुळलेले चार सारखे त्रिकोण पंख्यासारखे काढा. त्रिकोणांचा पाया खोक्याच्या बाजूएवढा हवा. कडेला चिकटवायला पट्टी सोडा. कापायचं काम तुमचं, घड्या घालायचं आणि खळ लावायचं मुलाचं. असे पाच सुळके पाच बाजूंना चिकटवा. सहावी बाजू दोऱ्यासाठी ठेवा. सुळके वाकडे बसतील, बोटांना खळ लागेल, जमिनीलाही लागेल.

लागू द्या. बाजारात याहून सुबक तारा शंभर ठिकाणी मिळेल. पण नीस्कीच्या शाळेत कागद, कात्री आणि खळ सगळं होतं, शेजारी बसून बोट धरणारी आई तेवढी नव्हती. तुमच्या घरात ते माणूस आहे. तासभर फोन बाजूला ठेवलात तर तारा पुरा होतो.