दोनाच्या आधी दहा

मंडळी, सातबारा आपल्या घरोघरी आहे. पण त्यावरचा नंबर हा आकडा, की शेताचं नाव?

१८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्या मोजणीला हात घातला. शेताशेताला सर्व्हे नंबर पडले. १८४८ साली साताऱ्याचं राज्य खालसा झालं, आणि पुढे हीच रीत आपल्याकडे आली. भावाभावांत वाटण्या झाल्या, तसे १२/१, १२/२ असे पोटहिस्से पडले. १९४७ च्या कायद्याने जमिनींचं एकत्रीकरण होऊन गट नंबर आले. १९४९ त दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. नंबरांची रीत मात्र तीच राहिली.

आता गंमत पाहा. मध्ये तिरपी रेघ आली, की नंबर हा नुसता आकडा राहात नाही. संगणकात तो अक्षरं म्हणून नोंदला, तर संगणक शब्दकोशासारखा डावीकडून एकेक चिन्ह पाहतो. मग १ च्या मागोमाग १०, आणि २ कितीतरी नंतर. अशा यादीत '१ ते २०' मागा: ३ ते ९ गळतात, अन् १०० ते १९९ आत शिरतात! शेत जागच्या जागी; पण यादीत नाही, म्हणून धनी हवालदिल.

उपाय सोपा. नंबर आणि हिस्सा वेगळ्या रकान्यांत, आकडा म्हणून लिहावा. अक्षरंच ठेवायची, तर ००२, ०१० अशी शून्यं भरून लांबी सारखी करावी.

गुरुजी, हे फळ्यावर मुलांकडून करून घ्या. उद्या कागद तीच सांभाळणार आहेत.