दोन गोरेगावे आणि एक मंडई

गोरेगाव म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर मुंबईचे उपनगर उभे राहते. त्यात त्यांचा दोष नाही. १९४३ साली तेथे फिल्मिस्तान ही चित्रसंस्था निघाली, १९७७ साली चित्रनगरी उभी राहिली, आणि त्या गावाचे नाव सिनेमाशी कायमचे जोडले गेले. मी ज्या गोरेगावाविषयी लिहीत आहे ते मात्र महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला, गोंदियाच्या दक्षिणेस थोड्याच कोसांवर आहे. येथे स्टुडिओ नाही, नटनट्या नाहीत. धानाची बांधी आहे, तळी आहेत, आणि दिवाळी सरली की गावोगाव भरणारी मंडई आहे. तरीही या दोन गोरेगावांचा एकमेकांशी संबंध आला. तो कसा आला, आणि त्यात आमच्या घरातल्या एका मुलीचे लग्न कसे मोडले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी थोडा मुलूख सांगितला पाहिजे. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीचा भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. त्या वर्षी तो मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. या पूर्व टोकाला झाडीपट्टी म्हणतात. नावाप्रमाणेच झाडी दाट, पाऊस भरपूर, आणि शेती म्हणजे धान. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी आगगाडी गोंदियावरून धावू लागली. १९०८ मध्ये गोंदियाहून नागभीडकडे अरुंद रूळ पडले आणि गोरेगावकरांना हिरडामालीचे स्थानक जवळ झाले. गाडी आली म्हणजे पाहुणा आला, पाहुणा आला म्हणजे सोयरीक आली, आणि कालांतराने त्याच वाटेने पत्र्याच्या डब्यांत बंद झालेली सिनेमाची रिळेही आली.

आता मंडईविषयी. पश्चिम महाराष्ट्रातला वाचक मंडई म्हटले की भाजीबाजार समजेल. आमच्याकडची मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. बलिप्रतिपदेला गाईगोधन होते. शेणाचा गोवर्धन करतात, सजवलेली गुरे त्यावरून नेतात, गोवारी मंडळी ढाल घेऊन नाचतात. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला, त्यात गोवाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. गाव ज्यांच्या हाती आपली गुरे सोपवीत असे, त्या माणसांचा मान वर्षातून एकदा वाजतगाजत करण्याचा हा दिवस.

भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. शेजारची गावे शक्यतो एकच दिवस धरीत नाहीत, कारण एकाने दुसऱ्याकडे जायचे असते. हलके धान घरात आलेले असते, भारी धान अजून बांधीत उभे असते; हाती थोडा पैसा आणि थोडी उसंत अशी ही दोन्ही कापण्यांमधली फट. लेकी माहेरी येतात, जावई येतात, सासूचे भाऊ येतात, त्या भावांचे साडूही येतात. दिवसा बाजार, बांगड्यांची दुकाने, चिवडा, जिलबी, पाळणे. रात्री खडीगंमत, दंडार किंवा नाटक. पहाटे लोक घोंगड्या झटकून घरी जातात आणि दुपारी पुढच्या गावची वाट धरतात.

या साऱ्या धामधुमीत एक कामकाज मुकाट्याने चाललेले असे. ते म्हणजे लग्ने जमवण्याचे. पंचक्रोशीतली उपवर मुले-मुली वर्षातून एकदा एका आवारात आलेली. मग वडीलधाऱ्यांच्या नजरा स्वस्थ कशा बसणार? कोणाची मुलगी कामाला कशी आहे, कोणाच्या मुलाच्या नावावर किती बांध्या आहेत, याची चौकशी जिलबीच्या दुकानापाशी होई. मुलीला पाटावर बसवून प्रश्न विचारण्याचा दिवस पुढे येई. पण ती बांगड्या भरत असताना तिला न कळत पाहून घेणे, हा त्याआधीचा निकाल. इरावतीबाई कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेवरचा आपला इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत ते पसंतीचे, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. येथे मामाची मुलगी चालते, असे त्यांनी दाखवले. आमचा मुलूख तर हिंदी आणि मराठीच्या सीमेवर बसलेला. एका घरात मामाची मुलगी हक्काची, तर दुसऱ्या घरात तो विचारही पाप. म्हणून मंडईत ‘कोण कोणाचा कोण’ हे जाणणाऱ्या म्हाताऱ्यांना मोठे महत्त्व असे.

मुलीला कोणी विचारी का? खरे सांगायचे तर फार क्वचित. मंडईचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही. पुण्यामुंबईकडे देवलांच्या ‘शारदे’ने १८९९ साली जरठ-कुमारी विवाहावर कोरडे ओढले. १९२९ चा सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला आणि मुलीचे वय चौदा, मुलाचे अठरा ठरले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मुलीसाठी पंधरा वर्षे सांगितली; १९७८ च्या दुरुस्तीने ती अठरा आणि मुलासाठी एकवीस झाली. कायदे वय मोजीत होते. मनाचे मोजमाप कोणी करायचे, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला.

तो प्रश्न मांडण्याचे काम पुष्कळ अंशी पडद्याने केले. १९३७ साली प्रभातने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुंकू’ काढला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा बोलपट. फसवून म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावलेली नीरा त्याला पती मानायला नकार देते, आणि शांता आपटे यांनी ती भूमिका अशी केली की पांढरपेशा घरांतले पुरुष अस्वस्थ झाले. पार्श्वसंगीताला फाटा देऊन केवळ प्रसंगातल्या नैसर्गिक आवाजांवर तो बोलपट उभा केला होता. पुढे मुंबईच्या गोरेगावातल्या फिल्मिस्तानने १९५३ मध्ये ‘अनारकली’ आणि १९५४ मध्ये ‘नागिन’ दिला. एकात बापाच्या तख्ताविरुद्ध प्रेम, दुसऱ्यात दोन वैरी टोळ्यांमधले. कथा काल्पनिक खऱ्या, पण दोन्हींचा रोख एकच: लग्न हा दोन घराण्यांतला व्यवहार की दोन माणसांतला?

येथे एक गमतीची गोष्ट सांगतो. जुना मध्यप्रांत-वऱ्हाड नकाशावरून केव्हाच पुसला गेला. परंतु चित्रपटांच्या वितरकांनी आपल्या धंद्यातला ‘सी. पी. बेरार’ हा विभाग तसाच चालू ठेवला. राज्ये बदलली, राजधान्या बदलल्या, रिळांचा मुलूख तोच राहिला. त्याच मुलखात फिरता सिनेमा गावोगाव जाई. मालमोटारीतून तंबू, यंत्र आणि तेलावरचे इंजिन यायचे. संध्याकाळी कर्ण्यावर गाणी लागली की गावाला कळे. आत खुर्च्या नसत. जमीन आणि आपापले पोते. मध्ये दोरी किंवा कनात, एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष. यंत्र एकच, म्हणून प्रत्येक रीळ संपले की खेळ थांबे, दिवा लागे, शेंगदाणेवाले पोरगे आत शिरे, आणि रीळ बदलले की पुन्हा अंधार.

आता आमच्या घरातली हकीकत. १९५६ च्या दिवाळीच्या आगेमागे माझी आत्या सतरा वर्षांची होती. मंडईत तिला कोण्या पाहुण्याने बांगडीवाल्यापाशी पाहिले आणि रात्रीपर्यंत स्थळ घरी आले. मुलगा चांगल्या घरचा, वीस एकरांची धानशेती, तळ्याचे पाणी. आजोबांनी मनात होकार देऊनही टाकला. त्या रात्री मंडईला तंबू आला होता आणि ‘नागिन’ लागला होता. आजी लेकीसुनांना घेऊन बायकांच्या अंगाला बसली. पुंगीच्या सुरावर पोरेठोरे डोलत होती. चवथे की पाचवे रीळ संपले, दिवा लागला. कनातीच्या फटीतून आत्याला पलीकडे तो मुलगा दिसला. शेंगदाणे विकणाऱ्या आठनऊ वर्षांच्या पोराशी सुट्ट्या पैशांवरून त्याची बाचाबाची झाली, आणि त्याने त्या पोराच्या तोंडात अशी भडकावली की टोपली सांडली. पोरगे शेंगा वेचीत राहिले. हा हसला. दिवा गेला.

दुसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, “त्याले पायलं मी. नाई पायजे.”

घरात भूकंप झाला. मुलीने ‘नाही’ म्हणायचे म्हणजे काय? आजोबांनी दोन दिवस ताटावर बसणे सोडले. सिनेमाने पोरी बिघडवल्या, असे चुलत आजोबांचे निदान निघाले. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. पण आत्याला त्या चित्रपटाची गोष्ट आजही नीट सांगता येत नाही. तिच्या लक्षात राहिला तो दोन रिळांमधला दिवा. शेवटी आजीने तोंड उघडले. ती एवढेच म्हणाली, “आपण बांध्या पायल्या. तिनं माणूस पायला.” स्थळ परत गेले. दोन वर्षांनी आत्याचे लग्न एका प्राथमिक शिक्षकाशी झाले. संसार सुखाचा झाला, असे मी म्हणणार नाही. पैशाची ओढाताण जन्मभर राहिली. पण त्या घरात कोणा पोरावर कधी हात उगारला गेला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ही हकीकत मी इतिहास म्हणून सांगतो, कारण बदल कसा होतो ते तीत दिसते. कायदा होता, पण तो आमच्या ओसरीपर्यंत आला नव्हता. पडद्यावर बंड होते, पण ते राजपुत्रांचे आणि नागकन्यांचे. मंडई शेकडो वर्षांची, आणि तिने मुलींना पाहून घेण्याची सोय केली होती. मात्र जेथे पाहण्याची सोय असते तेथे उलटून पाहण्याचीही असते. तंबूतल्या दिव्याने तेवढे केले. किती मुलींनी तसे उलटून पाहिले असेल आणि गप्प बसल्या असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

पुढे तंबू गेले. घरात दूरदर्शन आले, भाड्याचे व्हिडिओ आले, आता सिनेमा खिशात असतो. दंडार मात्र गेली नाही, आणि नाटक तर वाढले. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर बाहेर पडतात. रात्री उशिरा पडदा वर जातो तो पहाटे खाली येतो. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे उर्वरित महाराष्ट्राने जरा मान वळवून पाहिले.

आणि लग्नाचे पारडे फिरले. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही तक्रार आज महाराष्ट्रभर ऐकू येते. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेषात, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. लोक हसले. मला हसू आले नाही. वीस एकरांच्या जोरावर एकेकाळी मुलीला न विचारता होकार मिळे. आज तेवढ्याच बांध्या असलेला, पोरांना न मारणारा भला मुलगाही नाकारला जातो. बांध्या पाहण्याऐवजी आता पगार पाहतात. माणूस पाहायचा राहतो तो राहतोच.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो, वय अठ्ठावीस. गेल्या दिवाळीला तो गोंदियाला उतरला तेव्हाच म्हणाला, “मामा, मंडईला येतो, पण मला दाखवत फिरू नका.” मी कबूल केले, बाकीच्यांनी केले नाही. चार दिवसांत तो अकरा घरी फराळाला गेला आणि अकराही ठिकाणी चकलीबरोबर तोच प्रश्न आला. दोन घरी तर समोरच्या खोलीतून कोणीतरी डोकावूनही गेले. मोबाइलवर चार मुलींची माहितीपत्रके आली, फोटोंसह. बिचाऱ्याने एका संध्याकाळी गोंदियाला जाऊन लागोपाठ दोन चित्रपट पाहिले. गोष्ट काय होती म्हणून विचारले तर सांगता येईना. अंधारात तीन-तीन तास कोणी काही विचारत नाही, एवढेच सुख, असे म्हणाला.

शेवटच्या दिवशी तो आत्याच्या पाया पडायला गेला. ती ऐंशी ओलांडलेली, कानाने मंद. सगळ्यांना वाटले, आता हीसुद्धा विचारणार. तिने त्याला जवळ बसवले, हातात अनारसा दिला आणि कोणाचीही माहितीपत्रके न मागता म्हणाली, “बाबू, घाई नको करू. पण पोरगी तुले पायते का नाई, तेवढं पाय. तिले पाहू दे.”

भाचा काही बोलला नाही. बाहेर मंडईत कर्णा वाजत होता. जरा वेळाने तोच उठला आणि म्हणाला, “चला आजी, नाटकाला. तुम्हाला पुढे बसवतो.”