अभ्यासात मन लागत नाही: आळस की आजाराची खूण?

"डॉक्टर, याला जरा समजावून सांगा. अभ्यासच करत नाही." निकाल लागले की असे सांगणारे पालक दवाखान्यात हमखास येतात. मुलगा आयटीआय, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असतो, मुलगी नर्सिंगला किंवा बी.एस्सी.ला. बारावीपर्यंत सगळे ठीक होते. आता दोन-तीन विषय राहिले आहेत आणि दांड्या वाढल्या आहेत. पालकांना एखादे टॉनिक हवे असते, नाहीतर डॉक्टरांकडून चार खडे बोल.

मन न लागणे हे तापासारखे एक लक्षण आहे. ताप आला म्हणून आपण मुलाला रागावत नाही, त्याचे कारण शोधतो. इथेही तेच करायचे आहे.

या वयात नेमके काय बदलते?

घर सुटते. खोली, मेस किंवा डबा यांवर दिवस काढावे लागतात. शाळेत रोज विचारणारे शिक्षक होते, इथे कोणी विचारत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना अचानक इंग्रजीतून शिकावे लागते. प्रश्न समजतो, पण उत्तर लिहिता येत नाही. आयटीआयच्या मुलांना दिवसभर वर्कशॉपमध्ये उभे राहावे लागते, नर्सिंगच्या मुलींना वॉर्डातील ड्युटी असते. काही जण फी भरण्यासाठी रात्री कामही करतात. प्रवेशफेरीत जी शाखा मिळाली ती घेतलेली असेल, तर ती आवडीची असतेच असे नाही.

आधी शरीराकडे पाहा

- झोप: 18 ते 25 या वयात साधारण 7 ते 9 तास झोप लागते. दिवसा शिकलेले पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेत होते. त्यामुळे रात्रभर जागून केलेला अभ्यास फार टिकत नाही.
- रक्त कमी असणे: हिमोग्लोबिन मुलींमध्ये 12 पेक्षा आणि मुलांमध्ये 13 पेक्षा कमी असेल, तर तो अ‍ॅनिमिया. दम लागतो, थकवा येतो, लक्ष लागत नाही. पाळीत जास्त रक्तस्राव होत असल्यास हे विशेष आढळते.
- बी-12 व थायरॉइड: शाकाहारी मुलांमध्ये बी-12 कमी असू शकते. थायरॉइडचे काम मंदावले तर सुस्ती येते, वजन वाढते, थंडी जास्त वाजते.
- नुकताच झालेला आजार: डेंग्यू किंवा टायफॉइडनंतर काही आठवडे अशक्तपणा राहू शकतो.
- डोळे: चष्म्याचा नंबर वाढला की वाचताना डोके दुखते आणि मूल पुस्तक टाळू लागते.
- व्यसन: तंबाखू, दारू किंवा इतर नशा आहे का, हे न रागावता विचारा.

मनाने टॉनिक सुरू करू नका. कोणत्या तपासण्या लागतील ते डॉक्टरांना ठरवू द्या.

साधी निराशा की नैराश्याचा आजार?

नापास झाल्यावर चार-आठ दिवस वाईट वाटणे स्वाभाविक आहे. पण पुढील गोष्टी जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या तर नैराश्याची शंका घ्यावी:

- सतत उदास वाटणे किंवा कशातच रस न उरणे. क्रिकेट, मित्र, गाणी यांतही नाही
- झोप किंवा भूक खूप कमी अथवा खूप जास्त होणे
- थकवा, लक्ष न लागणे
- "माझा काही उपयोग नाही", "घरच्यांचे पैसे वाया घालवले" असे वारंवार बोलणे

मुलांमध्ये उदासीऐवजी चिडचिडच दिसू शकते. प्रॅक्टिकल किंवा तोंडी परीक्षेआधी दर वेळी धडधड, जुलाब, उलटी होत असेल तर ती चिंतेची लक्षणे असू शकतात. हॉस्टेलवर परत जायला मूल अचानक घाबरू लागले, तर रॅगिंगबद्दल विचारा. त्यासाठी 1800-180-5522 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

घरच्यांनी काय करावे?

फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा नको. "जेवलास का? झोप लागते का? तिथे कोणाशी जमते का?" हे आधी विचारा. मग "कोणता विषय जड जातोय?" असे विचारा. शेजारच्या किंवा नात्यातल्या मुलाचे उदाहरण देऊ नका.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार, आतून उमेद येण्यासाठी माणसाला तीन गोष्टी लागतात. त्या घरातूनही देता येतात.

1. आपला निर्णय आपला असणे. वेळापत्रक तुम्ही आखू नका, त्याला आखू द्या.
2. "मला जमते" हा अनुभव. राहिलेले सगळे विषय एकदम काढू नका. एक विषय, एक प्रकरण, रोज अर्धा तास एवढ्यावर सुरुवात करा. अडेल तिथे शिक्षकांना किंवा वर्कशॉपच्या निदेशकांना भेटायला सांगा.
3. आपले कोणीतरी असणे. सोबत अभ्यास करणारा एक मित्र मिळाला तरी फरक पडतो.

विषय राहिला म्हणजे आयुष्य संपले असे नाही, हे तुमच्या तोंडून ऐकू द्या. पैशांची अडचण असेल तर ती लपवू नका, पण तिचे ओझेही मुलावर टाकू नका. महाडीबीटी पोर्टलवरील शिष्यवृत्तीची चौकशी करा. कोर्स बदलण्याचा निर्णय मन फार खचलेले असताना घेऊ नये. आधी उपचार, मग निर्णय.

डॉक्टरकडे गेल्यावर

मुलाला काही वेळ डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. मी पालकांना बाहेर बसायला सांगतो तेव्हा काहींना वाईट वाटते, पण बऱ्याचदा खरे कारण तेव्हाच कळते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे.

सौम्य त्रासात समुपदेशन पुरेसे ठरू शकते. औषध लागले तर गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पंचविशीच्या आतील रुग्णांकडे सुरुवातीच्या आठवड्यांत जवळून लक्ष ठेवावे लागते. बरे वाटले म्हणून औषध मनाने बंद करू नये.

लगेच मदत केव्हा घ्यावी?

"जगून काय उपयोग" असे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरोपासारखे संदेश पाठवणे, या गोष्टी कधीही नाटक समजू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मुलाला एकटे सोडू नका. कीटकनाशके आणि औषधांचा साठा हाताशी राहू देऊ नका. त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात न्या. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत असून चोवीस तास सुरू असतो, तेथे मराठीतही बोलता येते. जिवाला धोका वाटल्यास 112 वर फोन करा.

आज रात्री मुलाला फोन कराल, तेव्हा निकालाचा विषय काढू नका. तो कसा आहे, एवढेच विचारा आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकून घ्या.