प्रबलित काँक्रीटच्या इमारतींतील मजल्यांची रचना व भूकंप : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

भूकंपात कोसळलेल्या इमारतीचा विचार करताना आपले लक्ष प्रथम स्तंभ व तुळयांकडे जाते. मजल्याची स्लॅब केवळ माणसांचा व सामानाचा भार पेलणारा आडवा घटक मानली जाते. वस्तुतः इमारतीचे बरेचसे वजन मजल्यांतच सामावलेले असते. त्यामुळे भूकंपाचे बल मुख्यतः तेथेच निर्माण होते. ते भिंती व चौकटींपर्यंत पोहोचविणे आणि सर्व स्तंभांना एकत्र बांधून ठेवणे हे स्लॅबचे दुसरे कार्य होय. अभियंते त्यास 'डायफ्रॅम' म्हणतात. या कार्याची जाणीव कशी विकसित होत गेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मेक्सिको व आर्मेनिया :

दि. 19 सप्टेंबर 1985 च्या भूकंपाचे केंद्र मेक्सिको सिटीपासून शेकडो किलोमीटर दूर, पॅसिफिक किनाऱ्यालगत होते. तथापि जुन्या सरोवराच्या मऊ मातीने कंपने वाढविली. तुळयांविना थेट स्तंभांवर टेकलेल्या जाळीदार स्लॅबच्या अनेक इमारती तेथे कोसळल्या. अशा रचनेत स्तंभाभोवतालचे काँक्रीट फाटते, स्लॅब खाली निसटते आणि मजले एकावर एक बसतात.

दि. 7 डिसेंबर 1988 रोजी आर्मेनियातील स्पिटाक भूकंपात सुमारे 25,000 लोक मृत्युमुखी पडले. लेनिनाकान (आजचे ग्युम्री) येथे पूर्वनिर्मित चौकटींच्या नऊमजली इमारती मोठ्या प्रमाणावर कोसळल्या. त्यांच्या मजल्यांतील पोकळ काँक्रीटच्या फळ्या परस्परांशी व चौकटीशी पुरेशा जखडलेल्या नव्हत्या. याउलट मोठ्या भिंत-पटलांच्या इमारती तगून राहिल्या.

नॉर्थरिज व न्यूझीलंड :

दि. 17 जानेवारी 1994 च्या पहाटे कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज येथे भूकंप झाला. त्यात पूर्वनिर्मित घटकांची काही वाहनतळे कोसळली. तेथील राज्य विद्यापीठाचे वाहनतळही त्यांत होते. पूर्वनिर्मित फळ्यांवर ओतलेला काँक्रीटचा पातळ थर सांध्यांवर तडकतो, हे या भूकंपातून दिसून आले. शिवाय मजला गणितात गृहीत धरल्याइतका ताठ राहत नाही. तो लवचीक ठरला की केवळ उभा भार वाहणारे आतील स्तंभ त्यांच्या क्षमतेपलीकडे ओढले जातात.

ख्राइस्टचर्च येथे दि. 22 फेब्रुवारी 2011 रोजी 185 जण मृत्यू पावले. त्यांपैकी 115 जण सीटीव्ही या एकाच इमारतीत होते. मजले व उत्तरेकडील भिंतींचा गाभा यांतील जोडणी अपुरी असल्याचे पूर्वीच लक्षात आले होते आणि 1991 मध्ये वरच्या काही मजल्यांवर पोलादी घटकही बसविण्यात आले होते. परंतु इमारतीतील अन्य दोष कायम राहिले. दि. 14 नोव्हेंबर 2016 च्या कैकोरा भूकंपात वेलिंग्टनमधील 'स्टॅटिस्टिक्स हाऊस' या आधुनिक इमारतीचे दोन मजले अंशतः खचले. वारंवार वाकताना तुळया टोकांशी तडकून किंचित लांबतात, स्तंभ दूर सरकतात आणि फळ्यांचा आधार निसटतो. मध्यरात्र असल्याने तेथे जीवितहानी टळली.

भारतीय संदर्भ :

दि. 26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपात कच्छमधील पूर्वनिर्मित घटकांच्या शाळांची छते पडली. छताचे तुकडे एकसंध बांधलेले नव्हते, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण होय. भारतीय मानक 1893 च्या 2002 च्या आवृत्तीत, ज्या मजल्याचे निम्म्याहून अधिक क्षेत्र खुले आहे तो अनियमित गणला गेला. 2016 च्या आवृत्तीत हे निकष अधिक स्पष्ट झाले.

निष्कर्ष :

वरील घटनांत स्थळ, काळ व तंत्र भिन्न असले तरी एक सूत्र समान आहे : मजला एकसंध व ताठ राहील हे गृहीत धरले गेले, परंतु ते सिद्ध करणारा सांधा रेखाटला गेला नाही. जिना, उद्वाहन वा चौकासाठी स्लॅब कापताना, तसेच पूर्वनिर्मित छत निवडताना हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. महाविद्यालयांची सभागृहे व ग्रंथालये यांना तो विशेषत्वाने लागू पडतो. कारण विस्तीर्ण खुली दालने व मोठे छेद तेथेच आढळतात. नॉर्थरिजची पहाट, वेलिंग्टनची मध्यरात्र आणि कच्छमधील शाळांचा सुटीचा दिवस यांनी अनेकांचे प्राण वाचविले. परंतु वेळेच्या अनुकूलतेवर कोणत्याही इमारतीचा आराखडा विसंबू शकत नाही.