सोळा चोक चौसष्ट

सरकारी शाळा येण्याआधी मराठी मुलुखात गणित शिकवले जाई ते पंतोजींच्या शाळेत, आणि मुख्यतः तोंडी. देवळाच्या ओवरीत किंवा वाड्याच्या पडवीत मुले बसत. अक्षरे धूळपाटीवर गिरवायची, हिशेब मात्र जिभेवर बसवायचा. एखादा मोठा मुलगा ओळ सांगे, बाकीचे त्याच्यामागून खड्या आवाजात म्हणत. दिवेलागणीनंतर घरी पुन्हा तेच: पाढे, मग तिथी, नक्षत्रे, महिने, स्तोत्रे. या रोजच्या उजळणीला परवचा म्हणत.

पूर्णांकांचे पाढे तीसपर्यंत असत. खरी मातब्बरी अपूर्णांकांच्या पाढ्यांची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनची औटकी. आज ही नावे गमतीची वाटतात, पण बाजारात त्यांच्यावाचून पान हलत नसे. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार. शेराचे पावशेर चार, मणाचे शेर चाळीस. अशा मापांत पावणेदोन शेर तुपाची किंमत कागदाशिवाय सांगायची तर पाऊणकी तोंडपाठ हवी. रुपयाचे पैसे किती, हे तर पाढ्यातच होते: सोळा चोक चौसष्ट.

ही ओळ कानाने ऐकण्यासारखी आहे. मोजताना 'चार' म्हणायचे, पाढ्यात 'चोक'. तसेच दोनचे दुणे, तीनचे त्रिक, सहाचे सक. पाढ्यातला गुणक असा वेगळ्या शब्दाने ओळखू येतो, त्यामुळे त्याची गुण्याशी किंवा गुणाकाराशी गल्लत होत नाही. 'आहे', 'होतात' असली भरताड नाही. तीन-चार शब्दांत ओळ संपते, ठेका सुटत नाही, आणि एक ओळ पुढच्या ओळीला हाताला धरून आणते. ही घडण कोणा एका शिक्षकाने बसवलेली नाही. पिढ्यांच्या तोंडी घासून ती गुळगुळीत झाली.

मेंदूत हे पाढे कुठे राहतात, याचा चांगला पुरावा स्टानिस्लास देहान आणि लोरां कोएन या फ्रेंच संशोधकांनी 1997 मध्ये दोन रुग्णांची तुलना करून मांडला. एकाच्या मेंदूच्या डाव्या बाजूला खोलवर इजा झाली होती. त्याचे पाढे गेले आणि तोंडपाठ केलेले इतरही बरेच गेले, पण संख्यांची जाण शाबूत राहिली. दुसऱ्याचे नेमके उलट. त्याला पाठ केलेले गुणाकार आठवत, पण साधी वजाबाकी किंवा दोन संख्यांच्या मधली संख्या सांगताना तो अडखळे. म्हणजे पाढा मेंदूत संख्या म्हणून कमी आणि स्तोत्रासारखा, शब्दांची माळ म्हणून जास्त साठतो. परवच्यात पाढे आणि स्तोत्रे एका बैठकीत म्हटली जात, हे त्यामुळे अगदीच अस्थानी नव्हते.

पाठ होण्याआधी मूल बोटे मोजते. सात ते नऊ वर्षांच्या मुलांवरील 2014 च्या एका अभ्यासात दिसले, की मोजणे सुटून उत्तर थेट आठवू लागते त्या काळात हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग अधिक काम करतो. प्रौढांमध्ये त्याची गरज उरत नाही. तोवर ते ज्ञान मेंदूच्या बाह्यपटलात मुरलेले असते. मुरायला लागते ती थांबून थांबून केलेली उजळणी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस याने निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून, एका दमातल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांवर वाटून केलेले पाठांतर कमी कष्टात टिकते, हे 1885 मध्ये दाखवले. परवचा रोज होई आणि पाटीत न बघता म्हटला जाई, म्हणजे आठवण्याचाच सराव होई.

माळेचा तोटाही आहे. 'सात आठे' विचारले की पुष्कळांना 'सात एके सात'पासून चढत जावे लागते. म्हणून उलटसुलट विचारणे हाच पाढ्यांचा खरा कस. नुसत्या घोकण्यामागे अर्थ नसतो ही टीका रास्त आहे, पण ती पाढ्यांपेक्षा शिकवणाऱ्यावर अधिक लागू पडते.

अपूर्णांकांचे पाढे या टीकेमुळे गेले नाहीत. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ शेर आणि मण जाऊन किलो आला, आणि पावकी-पाऊणकीचा बाजारातला उपयोगच संपला. जे म्हणायचे कारण उरले नाही ते पुढच्या पिढीला कोणी शिकवले नाही. सव्वा, दीड, अडीच हे शब्द व्यवहारात टिकले. औट मात्र आता बहुधा 'औट घटकेचे राज्य' या वाक्प्रचारापुरताच उरला आहे. घटका चोवीस मिनिटांची, तेव्हा औटकीने हिशेब केला तर ते राज्य चौऱ्याऐंशी मिनिटांचे भरते.