हातांचें बळ आणि तेलाचें बळ



ता. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली, ही गोष्ट आपल्यापैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. बेडफर्ड बनावटीची ती गाडी. तिचा सांगाडा लांकडी होता आणि बैठकी काथ्याच्या होत्या. तिच्याविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें आणि बोललें गेलें आहे. परंतु ती भरली गाडी वळणावर वळत होती ती कोणाच्या बळानें, हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नाहीं. उत्तर सोपें आहे. चालकाच्या हातांच्या आणि खांद्यांच्या बळानें. इंजिन गाडी ओढीत असे. तिला दिशा देण्याचें काम मात्र सर्वस्वीं मनुष्याचें होतें.

आज त्याच रस्त्यानें कांदा, दूध, डाळिंबें घेऊन जाणाऱ्या पिकअप गाड्यांपैकीं कित्येकींचें स्टिअरिंग एका हातानें फिरतें. हें जादा बळ तेलाच्या दाबांतून येतें. गाडी जुनी झाली म्हणजे एखाद्या सकाळीं तें येईनासें होतें, आणि मालक गाडी घेऊन गॅरेजांत जातो. तेथें बहुधा पहिला निकाल लागतो तो "पंप गेला" असा. तो निकाल दर वेळीं खरा नसतो. पंपाचे पैसे मोजावे आणि स्टिअरिंग जड तें जडच राहावें, ही आपत्ति लहान शेतकऱ्यास किंवा भाड्यानें गाडी चालविणाऱ्यास परवडणारी नाहीं. माझें म्हणणें असें कीं, हें यंत्र कोणत्या अडचणींतून जन्मास आलें हें नीट समजून घेतलें, तर दोष कोठें शोधावा हेंही पुष्कळसें समजतें. म्हणून आधीं थोडा इतिहास सांगतों.

आपल्या बैलगाडीला दोन चाकें. बैल वळले कीं गाडी वळते. तिला निराळें सुकाणूं लागत नाहीं. चार चाकें आलीं तेव्हां अडचण उत्पन्न झाली. वळतांना आंतल्या बाजूचें चाक लहान वर्तुळांत फिरतें आणि बाहेरचें मोठ्या. दोहोंना सारख्याच कोनांत वळविलें तर एक तरी चाक फरफटत जातें. म्युनिच येथील गाड्या बनविणारा लांकेनस्पर्गर नांवाचा कारागीर, त्यानें या अडचणीवर युक्ति काढली, आणि १८१८ सालीं लंडनमध्यें रुडॉल्फ ॲकरमन यानें तिचें पेटंट घेतलें. युक्ति एकाची, नांव दुसऱ्याचें. आजही अभियंते तिला ॲकरमनचीच म्हणतात. कारागिराच्या वांट्यास असें पुष्कळदां येतें.

मोटार आल्यावर दिशा देण्याबरोबरच वजनाचाही प्रश्न उभा राहिला. पुढच्या आंसावर इंजिनाचा भार, चाकें रबराची, रस्ता खडबडीत. उभ्या गाडीचीं चाकें वळविणें म्हणजे रबर जमिनीवर घासणेंच. त्यावर उपाय म्हणून स्टिअरिंगच्या खालीं दांत्यांची पेटी बसविली. चालकानें कित्येक फेरे फिरवावे, तेव्हां रस्त्यावरचें चाक थोडेंसें वळे. या व्यवहारांत सूट नाहीं. बळ वांचवावें तर फेरे वाढतात, फेरे वांचवावे तर बळ वाढतें. जुन्या मालमोटारींचीं स्टिअरिंगचीं चाकें एवढीं मोठीं कां असत, याचें कारण हेंच.

या कोंडींतून वाट काढणारा मनुष्य म्हणजे फ्रान्सिस डेव्हिस. अमेरिकेंतील पिअर्स-ॲरो कारखान्याच्या मालमोटारींच्या विभागाचा तो मुख्य अभियंता होता. जड गाडी वळवितांना चालकाची काय दशा होते हें त्यानें रोज पाहिलेलें होतें. त्यानें नोकरी सोडली आणि वॉल्थम या गांवीं लहानशी जागा घेऊन प्रयोग आरंभिले. तेलाच्या दाबानें काम करून घेण्याची विद्या त्या वेळीं नवी नव्हती; पण प्रचलित यंत्रांत झडपा बंद ठेवून तेल सदैव दाबाखालीं कोंडलेलें असे. तेल गळे, तापे, आणि पंपास विसांवा नसे. डेव्हिसनें नेमका उलट विचार केला. त्यानें झडप उघडी ठेवली. गाडी सरळ चालली असतां तेल पंपांतून निघावें आणि काम न करतां परत टाकींत यावें. चालकानें चाक फिरविलें म्हणजेच झडपेनें वाट आवळावी, दाब चढावा, आणि तो दाब दट्ट्यास ढकलून चाकें वळवावीं. १९२६ सालीं त्यानें आपली गाडी मोटार-कारखानदारांस दाखविली. जनरल मोटर्सनें करार केला. परंतु खर्चाचें गणित न जुळल्यामुळें १९३४ सालीं ती योजना गुंडाळून ठेवण्यांत आली. पुढें दुसरें महायुद्ध आलें, आणि जी सोय मोटारींस महाग वाटत होती ती चिलखती गाड्यांस आवश्यक ठरली. सर्वसाधारण गिऱ्हाइकास ती मिळाली १९५१ सालीं, क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडींत. आणि तीही डेव्हिसच्या जुन्या पेटंटांची मुदत संपल्यावर.

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचें अहिल्यानगर, या शहरास जड वाहनांचें अप्रूप नाहीं. चिलखती दलाचें शिक्षण-केंद्र येथें आहे. त्याचें रणगाड्यांचें संग्रहालय पाहावयास दूरदूरचे लोक येतात. आणि वाहनांची परीक्षा घेण्यासाठीं खास धावपट्ट्या बांधलेली संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्थाही येथेंच आहे. पण सामान्य माणसाचा संबंध येतो तो पिकअपशीं. टाटांची २०६ ही गाडी १९८८ सालीं निघाली. महिंद्रांच्या गाड्या तर गांवोगांव आहेत. या वर्गांतल्या पुढच्या काळांतील पुष्कळ गाड्यांत तेलाच्या दाबाचें स्टिअरिंग आलें, आणि तें आतां जुनें होत चाललें आहे. नव्या मोटारींत त्याची जागा विजेच्या मोटरनें घेतली आहे.

आतां दोषाकडे वळूं. पहिली गोष्ट धीराची आहे. करंजीच्या किंवा चंदनापुरीच्या घाटांत मदत एकाएकीं बंद पडली, तरी स्टिअरिंग तुटलेलें नसतें. या पेट्यांत चालकाच्या दांड्याला जोडलेली एक बारीक पोलादी सळई असते. हाताच्या बळानें ती किंचित् पिळवटते आणि तेवढ्यानें झडप फिरते. तेल नसलें तर ती आपल्या मर्यादेपर्यंत पिळवटून थांबते, आणि मग चालकाचा हात सरळ दांत्यांवर काम करूं लागतो. मात्र हें काम साध्या हातस्टिअरिंगपेक्षांही जड जातें; कारण मदत मिळेल या भरंवशावर या गाड्यांत फेरे कमी ठेवलेले असतात. तेव्हां दोन्ही हात घट्ट धरावे, वेग कमी करावा, आणि घाट उतरतांना इंजिन कधींही बंद करूं नये. इंजिन बंद झालें कीं पंप थांबतो, आणि बहुतेक गाड्यांत थोड्याच दाबांत ब्रेकची मदतही संपते.

गाडी सुरक्षित उभी केल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो असा कीं, बिघडलें आहे काय: हातांचा मार्ग कीं तेलाचा? आधीं पुढच्या टायरांतील हवा पाहावी. कमी हवेनें स्टिअरिंग जड होतें, आणि लोक पंपास दोष देतात. मग पुढचा आंस जॅकनें उचलून भक्कम टेकूंवर ठेवावा, इंजिन बंद ठेवावें आणि स्टिअरिंग फिरवावें. चाकें अधांतरीं असतांनाही जर तें अडखळत, घासत फिरत असेल, तर तेलाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. किंगपिन किंवा बॉल जॉइंट वंगणावांचून सुकलेले असतील, किंवा दांड्याचा सांधा गंजलेला असेल. शेतरस्त्याच्या धुळींत आणि मुरमांत चालणाऱ्या गाड्यांत हा दोष फार आढळतो. ग्रीस भरण्याच्या कामास नवा पंप लागत नाहीं.

अधांतरीं चाकें सहज फिरलीं, तर तेलाच्या मार्गानें जावें, आणि तोही तेल जसें वाहतें त्याच क्रमानें. टाकींतील पातळी पाहावी. तेल कमी झालें असेल तर तें कोठें तरी गळतें आहे. नुसतें भरून समाधान मानूं नये. तेल काळें व जळकट असेल तर बदलावें. फेसाळ असेल तर आंत हवा शिरली आहे. पुष्कळ गाड्यांच्या टाकींतच एक जाळी असते. ती गाळानें भरली म्हणजे पंपास तेलच पोंचत नाहीं आणि तो कण्हूं लागतो. तेल मात्र उत्पादकानें सांगितलेलेंच घालावें. हाताशीं आहे म्हणून ब्रेकचें तेल ओतणें हा घात होय. त्यानें या यंत्रांतील रबरी सील फुगून नासतात.

पुढें पट्टा. जागच्या जागीं चाक वळवितांना किंचाळल्यासारखा आवाज आला आणि मदत झटक्याझटक्यानें मिळाली, तर बहुधा पट्टा घसरतो आहे. तो ताणावा; चकाकी आली असेल किंवा चिरा पडल्या असतील तर बदलावा. मग नळ्या. दाबाची नळी गळते ती डोळ्यांस दिसते. टाकीकडून पंपाकडे येणारी नळी मात्र फसवी; ती आंतून पोकळ होऊन चेपते, किंवा तिच्या सांध्यांतून तेल न गळतां नुसती हवा आंत ओढली जाते.

इतकें सारें ठीक असेल तर पंप कीं पेटी, हा खरा वाद उरतो, आणि येथें अंदाजानें बोलणाऱ्या मिस्त्रीपेक्षां दाबमापक अधिक प्रामाणिक असतो. पंप आणि पेटी यांच्यामध्यें तोटीसह दाबमापक जोडावा. इंजिन चालू करून तोटी क्षणभर, पांच सेकंदांहून अधिक नव्हे, बंद करावी. कांटा त्या गाडीच्या पुस्तिकेंतील आंकड्यापर्यंत चढला तर पंप निर्दोष आहे. मग तोटी उघडून चाक टोकापर्यंत वळवावें. तेथें दाब चढत नसेल तर पेटीच्या आंत तेल एका बाजूकडून दुसरीकडे निसटतें आहे. एकाच बाजूस वळतांना जड वाटत असेल, तर संशय पेटीवरच घ्यावा. पंपास डावें-उजवें कळत नाहीं. आणि तोटी बंद असतांही कांटा चढला नाहीं तरच पंप खोलावा. तेव्हांही आधीं त्याची दाबझडप काढून धुवावी. बारीक कचऱ्यानें ती अडकून बसलेली असते, आणि साफ केल्यावर कित्येक पंप पुन्हां उभे राहतात. पेटीचे सील बदलतां येतात. दांते झिजले असतील तर मात्र पेटीच बदलावी लागते.

दुरुस्ती झाल्यावर हवा काढणें राहतें, आणि घाईनें हेंच राहून जातें. चाकें अधांतरीं ठेवून, इंजिन बंद असतां, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळां सावकाश फिरवावें आणि टाकींत तेल घालीत जावें. मग इंजिन चालू करून पुन्हां तेंच करावें; टोकाशीं मात्र चाक धरून ठेवूं नये. दुसऱ्या दिवशीं थोडें चालवून आणल्यावर टाकीचें झांकण उघडून पाहावें. फेस परत आलेला दिसला, तर पंपाकडे येणाऱ्या त्या फसव्या नळीचा पट्टीसांधा पुन्हां आवळावा.